‘माले दूध नही चालस’: खान्देशी घरात दुधाविना निभावताना

आमच्या घरात दूध न चालणारी माणसं दोन. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेलाभर दूध प्यायलं की तासाभरात पोट गुडगुडायला लागतं आणि दुपारपर्यंत दोन-तीन फेऱ्या होतात. आणि माझा धाकटा, आता नऊ वर्षांचा. त्याच्या ओठाला नुसतं ताक लागलं तरी अंगावर गांधी उठतात, घशातून शिट्टीसारखा आवाज येतो. येणारे-जाणारे म्हणतात, “आजोबांवर गेलाय पोरगा.” नाही गेला. दोघांना त्रास देणारी वस्तू एक असली तरी दुखणी दोन आहेत, आणि हा फरक कळायला मला दोन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत म्हणून हे लिहायला बसले.

एक गोष्ट आधीच सांगते. आपल्याकडे दूध टाळणं जेवणात सोपं आहे, पाहुणचारात अवघड. जळगाव, धुळे, नंदुरबारचं रोजचं ताट तेलावर, शेंगदाण्यावर आणि मिरचीवर चालतं. दूध येतं ते चहातून, सणातून आणि “एवढंसं घे ना” या आग्रहातून. म्हणून या लेखात पाककृती कमी आणि बोलणं-विचारणं जास्त आहे.

पहिली पायरी: आपलं दुखणं कोणतं ते ठरवा

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, १०० मिलिलिटरमध्ये साधारण ५ ग्रॅम. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य लागतं. वय वाढतं तसं ते अनेकांच्या पोटात कमी होतं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते: गॅस, मुरडा, जुलाब. हे झालं आबांचं. त्रासदायक, पण जिवावरचं नाही. आणि सगळं प्रमाणावर असतं. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे पेलाभर दुधाइतकं, जेवणासोबत घेतलं तर फारसं जाणवत नाही. आबांचा कोठा त्याहून नाजूक आहे, त्यांना रिकाम्यापोटी पेला चालत नाही. पण चहातलं चार चमचे दूध चालतं, दही-ताक चालतं, कारण विरजणातले जिवाणू काही साखर आधीच खाऊन टाकतात आणि उरलेली पचवायला मदत करतात. तूप तर बिनधास्त. त्यांचे खरे शत्रू म्हणजे बासुंदी, पेढा आणि मावा. आटवलेल्या दुधात साखरही आटून दाट झालेली असते.

मुलाचं वेगळं, ती दुधाची ॲलर्जी. त्याचं शरीर दुधातल्या प्रथिनांना, केसिन आणि व्हे यांना, शत्रू समजून उठतं. इथे थोडं-फार असा हिशेबच नाही. गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी, खोकला, दम. बहुतेकदा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत. याला तूपही चालत नाही, कारण घरी कढवलेल्या तुपात बेरीचे आणि प्रथिनांचे कण उरतातच. लॅक्टोज काढलेलं दूध बाजारात मिळतं, तेही याला नाही. त्यातली साखर मोडलेली असते, प्रथिनं जागच्या जागी. लॅक्टेजच्या गोळ्याही आबांच्या कामाच्या, याच्या नव्हेत.

मग सल्ला येतोच: शेळीचं द्या, म्हशीचं द्या, गीर गाईचं द्या, ए-टू (देशी गाईचं म्हणून विकतात ते) द्या. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना शेळी-म्हशीच्या दुधानेही तोच त्रास होतो, प्रथिनं इतकी सारखी असतात. ए-टू दुधातही केसिन असतंच, आणि लॅक्टोजही. हे मला शेजारच्या एका काकूंना इतक्यांदा सांगावं लागलं की आता त्याच इतरांना सांगतात.

तपासायचं कसं? आबांसारखं पोटाचंच असेल तर दोन आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ पूर्ण बंद ठेवा, रोज काय खाल्लं आणि पोट कसं राहिलं ते वहीत लिहा. मग एखाद्या सुट्टीच्या सकाळी पेलाभर दूध घेऊन बघा. मोठ्या शहरांत श्वासातला हायड्रोजन मोजण्याची तपासणीही होते. पण अंगावर गांधी, सूज, दम यांपैकी काहीही एकदा जरी झालं असेल तर घरी प्रयोग करू नका. ते काम डॉक्टरांसमोर, त्वचेच्या किंवा रक्ताच्या तपासणीनंतरच. बिस्किट खाऊन काही झालं नाही म्हणून पोरगं बरं झालं असंही समजू नका. भट्टीच्या आचेत काही प्रथिनं बदलतात, त्यामुळे भाजलेल्या पदार्थातलं दूध सोसणारं मूल साध्या दुधाने कोसळू शकतं. बरीच मुलं शाळेच्या वयापर्यंत यातून बाहेर येतात, पण आलं की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं.

दोन फुटकळ गोष्टी. जुलाबातून उठलेल्या लहान मुलाला काही दिवस, कधी काही आठवडे, दूध पचत नाही आणि मग पुन्हा पचायला लागतं. त्यावर कायमचा शिक्का मारू नका. आणि वजन घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल तर दुधाला दोष देत घरी बसू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाची शंका असेल तर दूध तोडण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं घरगुती दूध देणं धोक्याचं आहे.

दुसरी पायरी: आधीच चालतं ते मोजा

डॉक्टरांनी दूध बंद सांगितलं त्या रात्री मला वाटलं, आता पोराला घालायचं काय? सकाळी सासूबाईंनी नेहमीसारखी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. त्यात दूध कुठे होतं? मग मी बोटं मोजत बसले. वांग्याचं भरीत, घोटलेली वांग्याची भाजी, डुबुकवडे, पातोड्यांचा रस्सा, शेंगोळे, फौजदारी डाळ, बिबडे. सगळं तेलाचं. शेवभाजीचा झणझणीत रस्सा कांदा-खोबरं भाजून होतो, त्यात मलईचं काम नाही. फुनके (डाळीचे वाफवलेले मुटके) नुसते तेलासोबत खाल्ले तर चालतात, अडते ती सोबतची कढी. घाटावरच्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुमच्याकडे जेवण कमी आणि मिरची जास्त. म्हणो बापडी.

तुम्हीही एक आठवडाभर घरात जे शिजतं ते लिहून काढा आणि दुधाच्या नावावर खूण करा. खुणा वाटल्या त्यापेक्षा कमी निघतील. स्वयंपाक बदलायचा आहे तो तेवढ्याच जागी.

तिसरी पायरी: पाकिटाची मागची बाजू

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, दूधरहित नव्हे. ही चूक सगळे करतात. दूध भारतात शाकाहारीच धरलं जातं, त्यामुळे दुधाने भरलेल्या पाकिटावरही हिरवा ठिपकाच असतो. दूध-मध-अंड्याविना असलेल्या पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे वेगळं, ‘व्ही’ अक्षराचं हिरवं चिन्ह आहे.

पाकिटावर घटकांची यादी असते आणि तिच्याजवळ ॲलर्जीकारक पदार्थ सांगणारी ‘कंटेन्स’ अशी ओळ. आधी ती ओळ वाचा, मग यादी. हे शब्द दिसले की ठेवून द्या: मिल्क सॉलिड्स, मिल्क पावडर, व्हे, केसिन, केसिनेट, मिल्क फॅट, बटर ऑइल. ‘नॉन-डेअरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चहा-कॉफीच्या पावडरीतही केसिनेट असू शकतं. नावावर जाऊ नका. उलट कोकोआ बटर आणि पीनट बटर या नावांत बटर असलं तरी ते लोणी नव्हे, आणि लॅक्टिक ॲसिड सहसा दुधापासून बनवत नाहीत.

सुटं फरसाण, खारी, टोस्ट, नानकटाई यांना पाकीटच नाही, तर ओळ कुठली. बेकरीवाल्या भाऊंना विचारा, “यात दूध पावडर टाकता का?” ते “नाही हो ताई” म्हणाले तर पुढचा प्रश्न: “आणि लोणी?” मी दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारते, कारण आपल्याकडे दूध म्हणजे फक्त पातेल्यातलं पांढरं. तूप, लोणी, दही, मावा यांना कुणी दूध म्हणत नाही. “दूध नाही” हे उत्तर खरं असतं आणि तरी पोराला दवाखान्यात न्यावं लागतं.

औषधाच्या दुकानातही विचारावं लागतं. अनेक गोळ्यांत लॅक्टोज भरण म्हणून असतं. ते इतकं थोडं की आबांसारख्यांना बहुधा काही होत नाही. दम्याच्या काही कोरड्या पावडरीच्या इनहेलरमध्ये मात्र लॅक्टोजसोबत दुधाच्या प्रथिनांचा अंश येऊ शकतो. तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

चौथी पायरी: स्वयंपाकघराची वाटणी

घरात फक्त न पचण्याचा त्रास असेल तर ही पायरी सोडून द्या. ॲलर्जी असेल तर सोडू नका.

आमच्याकडे दूध बंद नाही. आबा ताक पितात, थोरलीला दही लागतं. मग मुलाची चहा-गाळणी वेगळी, पळी वेगळी, पोळीचा डबा वेगळा, कारण इतरांच्या पोळीला तूप लावलेलं असतं. स्टीलची भांडी साबणाने नीट घासली की पुरतं. लाकडी रवी आणि मातीचं विरजणाचं गाडगं यांत शिरलेलं दूध निघत नाही; ती त्याच्यापासून लांबच. त्याचं जेवण आधी शिजतं, आधी वाढलं जातं, मग दही-दुधाची भांडी बाहेर येतात. सगळ्यांत जास्त घोळ करतो तो हात: ताक घुसळलेला, धुवायचा विसरलेला.

पाचवी पायरी: चहा, कढी, खीर

चहाचं सोपं उत्तर कोरा चहा. आलं, गवती चहा, गूळ, वरून लिंबू. सोयाबीनचं दूध घालायचं असेल तर चहा गाळून झाल्यावर, कोमट करून घाला. उकळत्यात टाकलं की फाटतं.

कढीसाठी मी शेंगदाण्याचं दही लावते. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सालं चोळून काढायची, तीन वाट्या पाण्यात बारीक वाटून फडक्यातून गाळायचं. हे दूध सतत ढवळत आठ-दहा मिनिटं उकळायचं. करंगळी सोसवेल इतकं कोमट झालं की त्यात हिरव्या मिरचीची आठ-दहा देठं, टोपीसकट, सोडायची आणि झाकून ठेवायचं. नेहमीच्या दह्याचं विरजण वापरायचं नाही, त्यात दूधच आहे. पहिल्या खेपेचं दही थोडं ओशट लागतं. ते विरजण म्हणून वापरून दुसरी खेप लावा, ती चांगली जमते. थंडीत बारा तास लागतात. भुसावळच्या मे महिन्यात चार-पाच तासांतच आंबून जातं, तेव्हा पहाटे लावून नजर ठेवा. कढी करताना बेसन लावून मंद आचेवर, न उकळता. फुनक्यांसोबत ही कढी सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा काहीच बोलल्या नाहीत, पण दुसऱ्यांदा वाढून घेतली. (शेंगदाण्याचीही ॲलर्जी असलेल्यांनी अर्थातच हा परिच्छेद विसरावा. त्यांच्यासाठी चिंचेचं सार आहे.)

गव्हाच्या खिरीला नारळाचं दूध, आणि तेही गॅस बंद केल्यावर. एका नारळाचं दाट दूध चार-पाच माणसांच्या खिरीला पुरतं. आमरसात दूध घालण्याची मुळात गरजच नाही. चिमूटभर सुंठ घाला.

दूध गेलं की कॅल्शियम कुठून येणार हा प्रश्न मात्र खरा आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम लागतं, सात ते नऊ वर्षांच्या मुलाला ६५०. दुधात १०० मिलिलिटरला सुमारे १२० असतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, शेवग्याच्या पानांत तीनशेच्या वर, तिळात हजाराच्याही वर. तिळातलं सगळं अंगी लागत नाही, तरी भाकरीवर थापायला, चटणीला, भाजीच्या कुटात हात सैल सोडा. ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या घरात नाचणी आणायची तर थोडी कुरकुर होते. मी कळण्याच्या पिठात चौथा हिस्सा मिसळते, कुणाला कळतही नाही. वाढत्या मुलाचं दूध पूर्ण बंद असेल तर ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची गोळी लागते का, हे डॉक्टरांना विचाराच.

सहावी पायरी: पंगत

आता खरी परीक्षा. चोपड्याकडच्या एका लग्नात वरण-बट्टीची पंगत होती. मी आचाऱ्याला गाठून विचारलं, “दादा, बट्टी कशात तळलीय?” “तेलात, ताई.” वाढप्याला सांगून तुपाची वाढणी पोराच्या ताटावरून दूर ठेवली. खूश होऊन बसले. दोन घासांत त्याचे ओठ सुजले. बट्ट्या मऊ व्हाव्यात म्हणून पीठ दुधात मळलं होतं. आचाऱ्याचा काही दोष नाही. मी तळण्याचं विचारलं, त्याने तळण्याचं सांगितलं. तेव्हापासून माझे प्रश्न ठरलेले आहेत: पीठ कशात मळलं? मोहन कशाचं? फोडणी कशाची? वरून काय सोडणार? आणि त्याच कढईत आधी काय तळलं? गुलाबजाम तळलेल्या तेलातली पुरी आम्ही सोडून देतो.

पंगतीत बसल्यावर विचारून उपयोग नसतो, वाढप्याला काहीच ठाऊक नसतं. आदल्या दिवशी घरच्या बाईला फोन करा. आणि डबा सोबत ठेवाच. डबा काढला की यजमानांना वाईट वाटतं, म्हणून मी आधीच सांगून ठेवते: “तुमच्या घरचा रस्सा खाणार आहे तो, भाकरी तेवढी आमची.”

आग्रहाचं काय करायचं? “थोडं लई ले, काही नही व्हस” हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. “पथ्य आहे” म्हटलं की आग्रह वाढतो, कारण पथ्य मोडण्यातच पाहुणचाराची गंमत. “आवडत नाही” म्हटलं तर रुसवा. मला लागू पडलेलं वाक्य एकच: “माले दूध नही चालस, दवाखानामा जानं पडस.” दवाखान्याचं नाव काढलं की म्हातारी माणसंही हात मागे घेतात. आबा मात्र आग्रहाला बळी पडतात, बासुंदीच्या दोन वाट्या घेतात आणि रात्रभर मला ओव्याचं पाणी करायला लावतात. त्यांचं ते बघतील.

सणांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सोपी. खापरावरची पुरणपोळी, आमरस, रसई. पीठ पाण्यात मळा, तूप-दूध ज्याने-त्याने आपल्या ताटात घ्यावं. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांना, म्हणजे प्रसादाच्या जेवणाला, जास्त जपावं लागतं, कारण प्रसाद भाऊबंदांनीच खायचा आणि ताटात टाकायचा नाही हा रिवाज. आमच्या भाऊबंदांत मी महिनाभर आधी विषय काढला. म्हाताऱ्या जाऊबाईंनी तोडगा काढला: त्याच्या वाटची खीर नारळाच्या दुधात, त्याच चुलीवर, पण दूध उघडायच्या आधी. देवीची ना नव्हती. पंचामृत हातावर न घेता लांबूनच नमस्कार करून सोडायचं, हे मुलालाही जमतं आता. शाळेत बाईंना लेखी चिठ्ठी द्या, नुसतं तोंडी नको, आणि वर्गातल्या वाढदिवसांच्या चॉकलेटसाठी बाईंकडेच गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा ठेवून द्या.

ढाब्यावर शेवभाजी आणि ज्वारी-बाजरीची भाकरी मागा. नान नको, त्याच्या पिठात दही-दूध असतं. तंदुरी रोटीला लोणी लावू नका असं सांगा. दाल तडक्यावर लोण्याची वडी न मागता येते.

त्रास झालाच तर

नुसत्या गांधी असतील तर डॉक्टरांनी दिलेलं ॲलर्जीचं औषध द्या आणि नजर हटवू नका. श्वास लागला, आवाज बसला, सारख्या उलट्या झाल्या, पोर गळून पडलं, तर त्या गोळीची वाट बघत बसू नका. तेव्हा लागतं ते ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. तयार पेनासारखी इंजेक्शनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. म्हणून डॉक्टरांकडून घरात काय ठेवायचं आणि कसं टोचायचं ते आधीच शिकून घ्या. १०८ला फोन लावा. रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच करा. दम लागत असेल तर बसवा. उभं करून चालवू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे डोंगरात राहत असाल तर जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आहे आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, हे शांत दिवशी ठरवून ठेवा.

तुम्ही यजमान असाल तर

घरी असा पाहुणा येणार असेल तर पनीरला पर्याय, दुधाला पर्याय असं काही शोधत बसू नका. हिवाळा असेल तर सरळ भरीत पार्टी करा. शेतात तुराट्यांवर वांगी भाजा, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरची-लसणासोबत ठेचा, कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. सोबत कळण्याच्या पुऱ्या, पीठ पाण्यात मळलेलं, तेल नवं. वीस माणसं जेवतील आणि कुणी काही सोडलंय हे कुणाला कळणार नाही. दह्याची कोशिंबीर हवीच असेल तर ती सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, आणि तिची पळी तिच्यातच राहील यासाठी एखाद्या पोराला तिथे बसवा.